डेस्कटॉपचा पंखा का ओरडतो? एका तापट प्रश्नाचा आढावा

एप्रिल लागला की हैदराबादेत घरातले दोन आवाज वाढतात. एक कूलरचा, दुसरा टेबलाखालच्या कॅबिनेटचा. कूलरबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण तो गारवा देतो. कॅबिनेट मात्र पायांवर गरम वारा सोडते आणि वर दिवसभर घोंघावते. काचीगुड्यातल्या जुन्या घरातल्या एका खोलीत रात्रपाळीचे काम करणारा मुलगा आणि त्याच खोलीत झोपलेली आई असतील, तर ‘अरे, ते दळण थांबव आता’ हे वाक्य ठरलेले.

मग माणूस मशीन उचलून सिकंदराबादच्या पार्कलेनवर जातो. मुंबईकरांचा लॅमिंग्टन रोड, तसे इथले चेनॉय ट्रेड सेंटर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे ‘सीटीसी’. तिथे चार दुकानांत चार उत्तरे मिळू शकतात. एक जण ब्लोअर मारून देतो, दुसरा पंखा बदलायला सांगतो, तिसरा बायोसमध्ये शिरून काहीतरी सेटिंग करतो, चौथा लिक्विड कूलरचे खोके पुढे सरकवतो. प्रत्येकाकडे त्याच्या उपायाने शांत झालेल्या मशीनचे दाखले असतात, आणि ते खोटे नसतात. मग खरे कोणाचे? या प्रश्नाचा इतिहास काय, त्यातल्या भूमिका कोणत्या, एकमत कुठवर झाले आहे आणि वाद कुठे उरला आहे, याचा हा आढावा.

एक मर्यादा आधीच सांगतो. गेम खेळताना किंवा व्हिडिओ रेंडर करताना पंखा जोरात फिरणे हा बिघाड नाही; ते त्याचे कामच आहे. इथे विषय आहे तो सतत येणाऱ्या आवाजाचा. नुसती एक्सेल शीट उघडी असतानाही न थांबणाऱ्या आवाजाचा.

पार्श्वभूमी: बिनपंख्याच्या चिपपासून अडीचशे वॉटपर्यंत

संगणक आणि उष्णता यांचे भांडण हैदराबादला नवे नाही. १९६७ साली इथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे ईसीआयएल, स्थापन झाली. भाभा अणुसंशोधन केंद्रात आखलेला टीडीसी-१२ हा संगणक १९६९ मध्ये तिने बाजारात आणला. पुढे टीडीसी-३१२ आणि टीडीसी-३१६ आले. त्या काळी अशा यंत्रासाठी वेगळी वातानुकूलित खोली लागे. उष्णता ही खोलीची जबाबदारी होती, आणि आवाज किती होतो हे विचारायला शेजारी कोणी झोपलेले नसे.

घरगुती संगणक आला तेव्हा ही जबाबदारी डब्यात शिरली. १९८१ च्या आयबीएम पीसीला ६३.५ वॉटचा पॉवर सप्लाय होता आणि पंखा होता तो त्या पॉवर सप्लायमध्येच. ८०८८ प्रोसेसरवर साधा हीटसिंकसुद्धा नव्हता. त्याच सुमारास अ‍ॅपलमध्ये उलटा प्रयोग झाला. १९८० च्या अ‍ॅपल थ्रीमध्ये पंखा नकोच, असा स्टीव्ह जॉब्ज यांचा आग्रह होता. ते मशीन तापण्याच्या आणि बिघाडाच्या तक्रारींनीच गाजले. शांतता हवी आणि गारवाही हवा, ही ओढाताण तेव्हापासूनची आहे.

१९९३ चा पहिला पेंटियम साधारण पंधरा वॉट उष्णता टाकत असे. त्याच्यावर छोटा पंखा बसू लागला. २००४ मध्ये ‘प्रेस्कॉट’ जातीचा पेंटियम ४ आला, त्याच्या वरच्या मॉडेलांनी ११५ वॉटपर्यंत मजल मारली, आणि घरातल्या मशीनचा आवाज हा खऱ्या अर्थाने सार्वजनिक प्रश्न झाला. इंटेलने तेव्हा तीन बाजूंनी हात घातला. डब्याची संपूर्ण मांडणी बदलणारी बीटीएक्स रचना आणली. ती रुजली नाही आणि २००६ नंतर मागे पडली. चौथ्या तारेचा पंखा आणला. तो टिकला आणि आजही प्रत्येक मदरबोर्डवर आहे. तिसरी गोष्ट म्हणजे कॅबिनेटसाठीचे मार्गदर्शक: बाहेर ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्याशी पोचणारी हवा ३८ अंशांच्या वर जाऊ नये. बाजूच्या पत्र्यावर गोल जाळी आणि आत प्लास्टिकचे नळकांडे असलेली ‘अडतीस डिग्री’ कॅबिनेटे जुन्या असेंबल्ड मशीन हाताळलेल्यांना आठवत असतील.

त्यातला ३५ चा आकडा लक्षात ठेवावा. आजही बहुतेक ब्रँडेड डेस्कटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी १० ते ३५ अंश सेल्सिअस अशीच मर्यादा छापलेली असते. मे महिन्यात एसी नसलेल्या हैदराबादी खोलीत दुपारी ती ओलांडली जाते, तीही मशीन चालू करण्याआधीच.

२००६ च्या सुमारास प्रोसेसर पुन्हा ६५ वॉटवर उतरले आणि काही वर्षे शांततेची गेली. आता काटा परत वर गेला आहे. २०२२ च्या कोअर आय-नाइन १३९००के या प्रोसेसरची मूळ मर्यादा १२५ वॉट असली तरी जोर लावल्यावर तो २५३ वॉटपर्यंत जाऊ शकतो. त्याच वर्षीच्या आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्डाचा आकडा ४५० वॉट आहे. एवढी उष्णता डब्याबाहेर काढायची, तर वारा लागणारच.

आवाजाचे गणित

भूमिका समजून घेण्याआधी दोन नियम माहीत हवेत. त्यांच्याबद्दल वाद नाही.

पहिला पंख्याचा. पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट जाते, दाब चौपट होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, हे धरले तर वेगाची किंमत कळते. उलट, एकसारखे दोन पंखे एकत्र चालले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून एक पंखा पूर्ण वेगाने पळवण्यापेक्षा दोन पंखे निम्म्या वेगाने फिरवले, तर मोकळ्या वाटेत हवा तेवढीच आणि आवाज बारा डेसिबलने कमी. पंखे वाढवले की आवाज वाढेल ही भीती म्हणूनच बहुधा चुकीची ठरते. मात्र वाट मोकळी हवी. जाळी धुळीने बुजली असेल तर निम्म्या वेगाच्या पंख्याचा दाब चौथाईवर येतो आणि हवा आत शिरत नाही.

दुसरा नियम तापमानाचा. चिपचे तापमान म्हणजे आत येणाऱ्या हवेचे तापमान, अधिक प्रोसेसरवरच्या कूलरने झेललेल्या वॉटांची वाढ. उदाहरणादाखल, दर वॉटमागे ०.३ अंश अशा बेताच्या कूलरवर १०० वॉट टाकले तर वाढ ३० अंशांची. खोली २४ अंशांवर, डब्याची आतली हवा त्याहून पाच अंश वर, म्हणजे चिप ५९ वर. हीच खोली मे महिन्यात ३८ वर गेली की चिप ७३ वर. चिपने जास्त काम केलेले नाही, धूळ वाढलेली नाही, पंखाही तोच. पण मदरबोर्डला ‘साठपर्यंत हळू, सत्तरीपुढे जोरात’ असे शिकवलेले असेल, तर डिसेंबरात शांत असलेले मशीन मे महिन्यात ओरडते.

हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे आणि इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, म्हणून मशीन तापते, असेही ऐकू येते. त्यात तथ्य आहे, पण ते पाच-सहा टक्क्यांचे. खोलीच्या चौदा अंशांपुढे ते किरकोळ आहे.

पाच भूमिका

*धूळ हेच मूळ.* ही सर्वांत जुनी आणि सर्वांत लोकप्रिय भूमिका. हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये धुळीचा नमदा बसला की हवा अडते, चिप तापते, पंखा वेग वाढवतो. कोकापेट, गच्चीबावलीच्या बाजूला चालू असलेली बांधकामे आणि खडक फोडून उडणारी भुकटी पाहता या शहरात ती सहज पटते. त्यात उन्हाळी कूलरची भर. कोरड्या एप्रिल-मे मध्ये कूलर खोली खरोखर गार करतो आणि मशीनलाही त्याचा फायदा होतो. पण तो थेट कॅबिनेटवर सोडला तर ओलसर धूळ पट्ट्यांवर थापली जाते आणि मग ती ब्लोअरलाही दाद देत नाही. सफाईवाद्यांच्या बाजूने मोठा मुद्दा म्हणजे खर्च: जवळजवळ शून्य. विरुद्ध मुद्दा असा की सफाईनंतरही तितकाच आवाज येणारी मशीन कमी नसतात, आणि त्यांचे स्पष्टीकरण या भूमिकेजवळ नाही.

*सुटे भाग बदला.* या मताचे लोक म्हणतात, डब्यासोबत फुकट आलेला पंखा आणि प्रोसेसरच्या खोक्यातला कूलर हे मुळातच जेमतेम असतात. ८० मिलिमीटरच्या जागी १२० मिलिमीटरचा पंखा लावला तर फिरण्याचे क्षेत्र सव्वादोन पट होते आणि तेवढीच हवा बऱ्याच कमी वेगात मिळते. बेअरिंगचाही प्रश्न आहे. स्वस्त स्लीव्ह बेअरिंगमधले वंगण उष्णतेने सुकते आणि पंखा घरघरू लागतो. बॉल बेअरिंग उष्णतेत टिकते पण नव्यानेच थोडे बोलके असते. द्रवाच्या थरावर फिरणारे फ्लुइड बेअरिंग शांत आणि टिकाऊ, पण महाग. पंखा खरोखर झिजलेला असेल तर दुसरा इलाज नाही. नसेल, तर नवा पंखासुद्धा जुन्यासारखाच ओरडतो, कारण त्याला आज्ञा तीच मिळते.

*आज्ञा तपासा.* तिसरी भूमिका नियंत्रणाची, आणि ‘सतत’ या शब्दाशी तिचे नाते सर्वांत जवळचे. पंख्याच्या तारा मोजल्या की अर्धी गोष्ट कळते. दोन तारा विजेच्या. तिसरी मदरबोर्डला वेग कळवते, दर फेरीला दोन ठोके देऊन. चौथी मदरबोर्डकडून हुकूम आणते, सेकंदाला सुमारे पंचवीस हजार वेळा चालू-बंद होणाऱ्या संकेताच्या, म्हणजे पीडब्ल्यूएमच्या, रूपात. आता चार खिळ्यांच्या जागेवर तीन तारांचा पंखा लावला आणि बायोसमध्ये ती जागा पीडब्ल्यूएमवर ठेवलेली असेल, तर हुकूम पंख्यापर्यंत पोचतच नाही. त्याला सरळ १२ व्होल्ट मिळतात आणि तो जन्मभर पूर्ण वेगाने फिरतो. ती जागा डीसीवर केली की मदरबोर्ड व्होल्टेज कमी-जास्त करून त्याला आवरतो. एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, मोलेक्स पिनेला थेट जोडलेला पंखाही असाच बेलगाम. चार तारांच्या पंख्याची हुकमाची तार तुटली तरी तो पूर्ण वेग धरतो. गरम होण्यापेक्षा ओरडलेले बरे, असा त्यामागचा विचार. या भूमिकेची मर्यादा अशी की कोणत्या तापमानाला किती वेग हे ठरवणारी रेषा खाली ओढून आवाज गप्प करता येतो, उष्णता नाही. चिप खरोखर तापत असेल तर तो रोग लपवणे ठरते.

*उष्णताच कमी करा.* चौथे मत मुळाशी जाते: वॉट कमी, तर वारा कमी. बरेच मदरबोर्ड कंपनीची शक्तीमर्यादा सैल सोडून येतात, कारण चाचण्यांत त्यांचा वेग उठून दिसतो. ती मर्यादा बायोसमध्ये परत बांधता येते. एएमडीच्या नव्या प्रोसेसरांत त्यासाठी ‘इको मोड’ अशी तयार सोय आहे. प्रोसेसरची शक्ती निम्म्यावर आणली तरी कामाचा वेग निम्मा होत नाही, कारण शेवटच्या थोड्या वेगासाठीच सर्वाधिक वीज जाते. याच मतात सॉफ्टवेअरही येते: अडकून पडलेले अपडेट, फाइलींची न संपणारी सूची, पन्नास टॅब उघडलेला ब्राउझर, चोरट्या प्रतींसोबत घरात शिरलेला क्रिप्टो मायनर. अशा मायनरांतले काही टास्क मॅनेजर उघडताच दबा धरून बसतात. टास्क मॅनेजर उघडला की पंखा शांत, बंद केला की परत सुरू, असे दिसले तर तो योगायोग समजू नये. या मार्गाची अडचण म्हणजे सगळ्यांना तो मोकळा नाही. व्होल्टेज उतरवण्याच्या सोयीतून ‘प्लंडरव्होल्ट’ नावाचा सुरक्षादोष २०१९ मध्ये उघड झाला, त्यानंतर इंटेलने अनेक मशीनवर ती सोयच कुलूपबंद केली.

*खोलीकडे पाहा.* पाचवी भूमिका डब्याबाहेरची. फर्निचरवाल्याने टेबलात कप्पा करून दिलेला असतो, मशीन त्यात चपखल बसते, मागे भिंत, बाजूला प्लायवूड. बाहेर फेकलेली गरम हवा फिरून तोंडाने आत येते. कप्प्यातून काढून वीतभर मोकळ्या जागेत ठेवले तर एक पैसा न खर्चता काही अंश उतरतात. शिवाय ५०० वॉट ओढणारे मशीन लहान बंद खोलीत ५०० वॉटच्या हीटरसारखेच वागते. खोली तापते, तापलेली खोली मशीनला तापवते. हे मत एसीपाशी येऊन थांबते, आणि तिथे विजेच्या बिलाचा प्रश्न उभा राहतो.

जिथे एकमत आहे

या पाच भूमिका एकमेकींच्या विरोधात मांडल्या जातात. जाणकारांची कामाची पद्धत पाहिली तर मात्र त्या वेगवेगळ्या दुखण्यांची उत्तरे आहेत असे दिसते. कोणते दुखणे आहे हे ठरवायला तीन आकडे शेजारी शेजारी ठेवावे लागतात: चिपचे तापमान, पंख्याचा वेग आणि प्रोसेसर ओढत असलेले वॉट. एचडब्ल्यूइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये तिन्ही एकाच पडद्यावर दिसतात.

मशीन रिकामे असताना तापमान चाळीशीत, तरीही पंखा पूर्ण वेगावर: दोष आज्ञेचा. तार, जागा, बायोस तपासावे. याची सोपी खूण पहाटे मिळते. रात्रभर बंद असलेले मशीन सुरू केले की पंखे क्षणभर जोरात फिरून खाली येतात. खाली आलेच नाहीत, तर अजून काही तापलेलेच नाही, म्हणून उष्णता निर्दोष.

तापमान जास्त, वॉटही जास्त, आणि आपण काहीच करत नाही: सॉफ्टवेअर शोधावे.

तापमान जास्त पण वॉट कमी: उष्णतेची वाट अडली आहे. धूळ, सुकलेली थर्मल पेस्ट किंवा नीट न बसलेला कूलर. इथे एक दोष जवळून पाहण्यासारखा आहे. इंटेलच्या खोक्यातला गोल कूलर २००४ पासून अनेक पिढ्या चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसत आला. प्रत्येक खुंटी मदरबोर्डच्या भोकातून आरपार जाऊन मागे फाकली पाहिजे. सफाईसाठी कूलर काढला आणि परत बसवताना चौथी खुंटी अर्धीच गेली, तर वरून सगळे ठीक दिसते. हीटसिंक मात्र एका कोपऱ्यात केसभर उचललेला राहतो. मशीन सुरू होताच तापमान नव्वदीला भिडते आणि सर्व्हिसिंगनंतर आवाज वाढला अशी तक्रार येते. बोर्डाच्या मागून चारही टोके फाकलेली दिसतात का, एवढे पाहिले की निकाल लागतो.

तापमान, वेग, वॉट तिन्ही रास्त, तरी आवाज: तो वाऱ्याचा नव्हेच. घरघर असेल तर बेअरिंग, पत्र्याची थरथर असेल तर सैल स्क्रू, बारीक शिट्टी असेल तर कॉइल, गुळगुळ आवाज असेल तर लिक्विड कूलरच्या पंपात अडकलेली हवा. कोणता पंखा बोलतो ते कळायला पुठ्ठ्याची रिकामी नळी कानाला लावून एकेका पंख्याजवळ न्यावी. ग्राफिक्स कार्डाचे पंखे विसरू नयेत. हलक्या कामात ते थांबलेलेच राहावेत अशी अनेक कार्डांची रचना असते, पण जास्त रिफ्रेश रेटचे दोन मॉनिटर जोडले की कार्डाची मेमरी विसावत नाही आणि पंखे फिरतच राहतात.

तिन्ही आकडे दुपारी चढतात आणि पहाटे उतरतात, तर डब्यात शोधाशोध करण्याआधी खोलीचा थर्मामीटर पाहावा.

सावधगिरीच्या दोन गोष्टींवरही मतभेद नाही. ब्लोअर मारताना पात्यांना बोट लावून ती धरून ठेवावीत, नाहीतर बेलगाम फिरून बेअरिंग खराब होते. आणि एसएमपीएस घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरांत जिवावर बेतेल एवढा विद्युतभार राहू शकतो.

जे सुटलेले नाही

*किती गरम म्हणजे फार गरम?* सर्वांत मोठा वाद हाच. २०२२ मध्ये रायझन ७००० मालिका आली तेव्हा एएमडीने सांगितले की भरपूर काम असताना ९५ अंश हे या चिपांचे नेहमीचे लक्ष्य आहे, ती बिघाडाची खूण नाही. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची वरची मर्यादा १०० अंशांची आहे. हे मान्य केले तर पंख्याची रेषा सुखाने खाली ओढता येते आणि उन्हाळ्यातला निम्मा त्रास संपतो. दुसरी बाजू म्हणते, चिप टिकेल, पण तिच्या शेजारच्या कपॅसिटरांचे काय? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांमागे निम्मे होते हा त्या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. तो चिपला तसाच लावता येतो का, यावर मात्र मते वेगळी आहेत.

*आत ढकलायची की बाहेर ओढायची?* आत ओढणारे पंखे जास्त ठेवले तर डब्यात दाब राहतो आणि धूळ फक्त जाळीवाटे येते. जाळी धुतली की झाले. बाहेर फेकणारे जास्त ठेवले तर गरम हवा लवकर निघते, पण फटीफटींतून धूळ आत शिरते. धुळीच्या शहरात पहिली मांडणी योग्य, असे म्हणावेसे वाटते. पण जाळी स्वतः वारा अडवते, आणि ती वेळेवर धुतली नाही तर फायदा उलटतो. म्हणजे उत्तर घरातल्या माणसाच्या सवयीवर अवलंबून राहते. बाजूचा पत्रा काढून ठेवण्याच्या आपल्याकडच्या सवयीचेही तसेच. कोंदट डब्यात तापमान लगेच उतरते. चांगल्या रचनेच्या डब्यात समोरून मागे जाणारा वारा मोडतो. आवाज मात्र दोन्ही ठिकाणी उघडा पडतो.

*वारा की पाणी?* लिक्विड कूलर उष्णता दूर नेऊन मोठ्या रेडिएटरवर पसरवतो, म्हणून पंखे सावकाश फिरतात. अडीचशे वॉटच्या प्रोसेसरला त्याचा उपयोग दिसतो. पण पंपाचा स्वतःचा आवाज कधीच थांबत नाही, आणि रिकाम्या मशीनवर चांगला मोठा एअर कूलर बहुधा त्याहून शांत असतो. शिवाय खोली ३८ अंशांवर असेल तर पाणीही ३८ च्या खाली जात नाही. ते फक्त चढायला उशीर करते.

*आकड्यांवर विश्वास किती?* खोक्यावर २२ डेसिबल लिहिलेला पंखा घरी तसा का वाटत नाही? कंपन्या एकटा पंखा, शांत कक्षात, ठरावीक अंतरावरून मोजतात. डब्यात जाळी आणि पट्ट्यांना थडकून तोच वारा वेगळा बोलतो. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपण्याच्या खोलीसाठी ३० डेसिबल सुचवले होते. पहिली मर्यादा परिसराची, दुसरी उशाची. मशीनला कोणता मापदंड लावायचा? शिवाय डेसिबलला आवाजाची जात कळत नाही. एकसुरी शिट्टी कमी डेसिबलची असली तरी जास्त छळते. छताचा पंखा चालू असताना त्याच्या वाऱ्यात कॅबिनेटचा आवाज बुडून जातो. जानेवारीत छताचा पंखा बंद झाला की तोच आवाज नव्याने ‘सुरू’ झाल्यासारखा वाटतो. तक्रारीचा मोसम आणि उष्णतेचा मोसम म्हणूनच दरवेळी जुळत नाहीत.

*कोणाच्या खोलीसाठी?* कूलरच्या परीक्षणांत सहसा वीस ते पंचवीस अंशांच्या खोलीत मोजणी होते आणि निकाल खोलीपेक्षा किती अंश वर असा दिला जातो. शास्त्र म्हणून ते योग्य आहे, कारण त्यामुळे दोन कूलरांची तुलना करता येते. पण पंख्याची रेषा खोलीपेक्षा किती वर यावर चालत नाही. ती चिपच्या प्रत्यक्ष तापमानावर चालते. म्हणून परीक्षणात शांत ठरलेला कूलर दख्खनच्या उन्हाळ्यात शांत राहीलच असे नाही. मोसमाप्रमाणे बायोसमध्ये दोन वेगळ्या रेषा साठवून ठेवणे, एक दिवाळीनंतरची आणि एक होळीनंतरची, हा काहींचा व्यवहारी तोडगा आहे. मदरबोर्डने खोलीचे तापमान स्वतः ओळखून रेषा सरकवावी, ही मागणी तर्काला धरून आहे. पण ती पंख्याच्या नेहमीच्या सेटिंगचा भाग अजून झालेली नाही.

आढाव्याचे निष्कर्ष

तीस वर्षांत पंखे सुधारले, बेअरिंग सुधारली, नियंत्रण बारीक झाले. त्याच काळात चिपने टाकायची उष्णता पंधरा वॉटवरून अडीचशेवर गेली आणि ही सगळी कमाई बरीचशी तिकडे खर्च झाली. त्यामुळे आवाजाचा प्रश्न संपला नाही, फक्त त्याची जागा हलली. आधी तो पंख्याच्या दर्जाचा होता. आज तो बहुतांशी शक्तीची मर्यादा कुठे बांधायची आणि पंख्याची रेषा कुठे ओढायची, या निवडींचा आहे.

निदानापुरते बोलायचे तर वाद फारसा उरलेला नाही. आधी तीन आकडे, मग तार आणि बायोस, मग सफाई आणि खुंट्या, मग शक्तीची मर्यादा, आणि खरेदी सर्वांत शेवटी. पहिल्या चार पायऱ्यांना पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि त्या चढल्याशिवाय घेतलेला कूलर कशावर औषध म्हणून घेतला हे सांगता येत नाही. मतभेद उरतो तो उरलेल्या आवाजाबद्दल: सगळे ठीक असताना, मे महिन्याच्या दुपारी, एसीशिवाय. तिथे काही अंश जास्त सोसायचे, थोडा वेग सोडायचा की थोडा आवाज ऐकायचा, यांतले एक निवडावे लागते. ती निवड मशीनसमोर बसणाऱ्याइतकीच त्याच खोलीत झोपणाऱ्याचीही आहे.